फ्रेट घासू देऊ नकोस

चिपळूण, 9 मे

चि. बाबू यास अनेक आशीर्वाद.

काल फोनवर म्हणालास की गिटारच्या मानेवरून हात फिरवला की कडेला टोचतं, आणि दुकानदार म्हणतो, फ्रेट (मानेवरच्या धातूच्या आडव्या पट्ट्या) घासून घेऊ. त्याला कानस लावू देऊ नकोस. फ्रेट वाढलेले नाहीत, लाकूड आकसलंय. आपलं मागचं दार आठव. आषाढात खांदा लावल्याशिवाय बंद होत नाही आणि शिमग्याला त्याच दाराच्या फटीतून पाल आत येते. इथल्या दमट हवेतली गिटार तू ऐन मे महिन्यात नागपूरला नेलीस, पारा 45 च्या घरात. मानेवरची शिसवी पट्टी रुंदीला आकसली, फ्रेट पडले धातूचे, ते होते तेवढेच राहिले. त्यांचीच टोकं टोचतायत.

यात माझाही हात आहे. निघताना गिटारच्या केसच्या कप्प्यात मी सिलिका जेलच्या सहा पुड्या कोंबल्या होत्या, इथल्या सवयीने. तिकडे त्या लाकडाचा उरलासुरला ओलावा पिऊन बसल्या असतील. आधी त्या काढ. मग प्लास्टिकच्या साबणदाणीला भोकं पाड, आत स्पंजचा तुकडा ओला करून घट्ट पिळून ठेव (थेंब गळता कामा नये) आणि ती डबी केसमध्ये गिटारच्या डोक्याजवळ राहू दे. स्पंज वाळला की पुन्हा भिजव. हवेतला ओलावा मोजणारा छोटा हायग्रोमीटर मिळतो, तोही आत टाक; काटा 45 ते 55 टक्क्यांत राहिला की झालं. वाजवून झालं की केस बंद, आणि कूलरच्या झोतात गिटार उभी करायची नाही. दोन-तीन आठवडे वाट बघ. त्यानंतरही टोचलं तर घासू. पाऊस लागला की डबी बाहेर.

एवढं बजावतोय कारण गेल्या श्रावणात मीच माती खाल्लीय. तुला सांगितलं नव्हतं. तारा उंच झाल्या म्हणून मी ब्रिजवरची (वरच्या फळीवर तारा अडकवतात त्या लाकडी ठोकळ्यावरची) हाडाची पट्टी घासून खाली केली. खरं तर ओल्या हवेने वरची फळी फुगली होती, म्हणून ब्रिज वर आला होता. दिवाळीनंतर फळी बसली आणि तारा फ्रेटना लागून झणझणायला लागल्या. 30 वर्षं रंधा मारलेला माणूस मी! शेवटी गुपचूप नवी पट्टी बसवली. तू म्हणालास, 'बाबा, आवाज छान झालाय.'

बाकी तुला माहीत आहेच. वाजवून झालं की तारा सुती फडक्याने वरून-खालून पूस, घामाने गंजतात. तर्री-पोहे खाल्लेला हात धुतल्याशिवाय लावू नकोस. तारा बदलशील तेव्हा शिसवी पट्टीला लेमन ऑइलचे दोन थेंब चोळ आणि लगेच पुसून घे. आई म्हणते तसं खोबरेल नको, ते खवट होतं. आणि मित्राच्या गाडीत उन्हात ठेवून जाऊ नकोस. सहा तारांची मिळून ओढ 70 किलोच्या आसपास असते आणि ब्रिज बिचारा नुसत्या सरसावर उभा असतो, आणि सरस उन्हाने मऊ पडतो.

आईने आमसुलं पाठवलीयत, पार्सल आलं की कळव. सिलिका जेलच्या पुड्या फेकू नकोस, जुलैत येताना लागतील.

तुझा,
बाबा