सहलीतली काही जेवणे तरी तिथली असू द्या

मा. संपादक,
स. न. वि. वि.

ग्रीस, तुर्कस्तान, इटलीच्या सहलींचे बुकिंग जळगाव-धुळ्यात सुरू झाले की पहिला प्रश्न येतो, ‘जेवण आपलेच ना?’ आयोजक मग दोन्ही वेळ पनीर, डाळ, भाताची हमी देतात. ज्या जळगाव जिल्ह्याच्या भरिताच्या वांग्याला २०१६ मध्ये भौगोलिक मानांकन मिळाले, तिथली माणसे वांग्याच्या मुलखातून पनीर खाऊन परततात, याची फार हळहळ वाटते.

ग्रीसचे ‘मेलिझानोसालाता’ म्हणजे भाजलेले वांगे, लसूण, लिंबू आणि ऑलिव्ह तेल. भरितच ते, फक्त मिरचीविना आणि गार. इटलीतल्या पालेर्मोची ‘पानेले’ तर आपल्या पाटोडीची सख्खी बहीण: हरभऱ्याचे पीठ पाण्यात घट्ट शिजवायचे, थापून गार करायचे, कापून तळायचे. कांदा-लसूण न खाणाऱ्यांनाही ती चालतात.

फसगत होते ती विचारण्यात. नुसते ‘व्हेजिटेरियन’ म्हटले की मांसाचा तुकडा टळतो, रस्सा टळत नाही. तुर्कस्तानात मसूरचे सूप बऱ्याचदा मांसाच्या पाण्यात शिजवतात. ‘एत सुयू वार मी?’ (मांसाचे पाणी आहे का?) असे विचारून घ्यावे. तिथलीच दोन भरली वांगी दिसायला सारखी: ‘इमाम बायिल्दी’त कांदा-टोमॅटो, ‘कार्नियारिक’मध्ये खिमा. ग्रीसमध्ये ‘निस्तीसिमो’ म्हणजे उपवासाचे. त्यात मांस, दूध, अंडी नसतात, पण कोळंबी आणि ऑक्टोपस चालतात. म्हणून मागावे ते ‘लादेरा’, म्हणजे ऑलिव्ह तेलात मंद शिजवलेली भेंडी, फरसबी, वाटाणे. ही भाजी कोमट किंवा गारच वाढतात. शिळी समजून परत पाठवू नये. मुरल्यावरच तिला चव येते. इटलीत पार्मेझान चीजमध्ये वासराच्या जठरातले रेनेट, म्हणजे दूध गोठवणारे द्रव्य, असते. कट्टर शाकाहारींनी पास्त्यावर चीज घालू नका, असे ऑर्डर देतानाच सांगावे.

ग्रीसमध्ये ताटे मध्ये ठेवून वाटून खातात, तेव्हा चौघांनी आधी चार-पाच पदार्थच मागवावेत. न मागता आलेल्या ब्रेडचेही बऱ्याचदा पैसे लावतात. इटलीत बिलावर ‘कोपेर्तो’ म्हणून माणशी साधारण १ ते ३ युरो दिसतात. ते टेबलाचे शुल्क आहे, फसवणूक नव्हे, त्यावरून वाद नको.

आयोजकांना कळकळीची विनंती: सहलीच्या दरातून निदान तीन जेवणे वजा करून ती प्रवाशांवर सोडा. आणि ती दुपारची ठेवा. लादेरा सकाळीच शिजवून ठेवतात. रात्री ९ ला गेलात तर भेंडी संपलेली असते.

आपला,
एक वाचक, जळगाव