ओल्या फरशीवर घसरलात, तर पहिल्या आठवड्यात काय कराल?

संपादक महोदय,

पावसाळा लागला की हाडांच्या डॉक्टरांकडे मनगट, घोटा नाहीतर खुबा मोडलेल्यांची रीघ लागते. सगळेच काही घरात पडलेले नसतात. मॉलच्या दारातली गुळगुळीत फरशी, रुग्णालयात नुकतीच पुसलेली लादी, सोसायटीच्या जिन्यावर बंद पडलेला दिवा, हॉटेलात बेसिनजवळ साचलेले पाणी, अशी कारणे असतात. 'आपलेच नशीब' म्हणून बहुतेक जण गप्प बसतात. जे बसत नाहीत त्यांचाही दावा पुष्कळदा बुडतो, कारण लागणारा पुरावा पहिल्या आठवड्यातच हातचा गेलेला असतो.

इंग्लंडमध्ये जागा ज्याच्या ताब्यात आहे त्याच्या जबाबदारीसाठी १९५७चा स्वतंत्र कायदा आहे. आपल्याकडे तसा नाही; निष्काळजीपणाच्या सर्वसाधारण तत्त्वावर दावा चालतो. जागा ज्याच्या ताब्यात, त्याने ती येणाऱ्या-जाणाऱ्यासाठी वाजवी सुरक्षित ठेवायची. ती ठेवली नाही आणि त्याचमुळे इजा झाली, हे पडणाऱ्याने सिद्ध करायचे. नुसते 'तिथे पडलो' एवढ्याने भागत नाही. खरा प्रश्न असतो तो पाणी किंवा तेल तिथे किती वेळ होते हा. दोन मिनिटांपूर्वी कुणाची बाटली सांडली असेल, तर दुकानदार सुटू शकतो. अर्धा तास पाणी तसेच असेल आणि कर्मचारी बाजूने ये-जा करत असतील, तर सुटणे कठीण.

म्हणून सीसीटीव्हीचे चित्रण मागताना केवळ पडण्याचा क्षण मागू नका, त्याआधीचा अर्धा-पाऊण तासही मागा. बहुतेक ठिकाणी जुने चित्रण काही आठवड्यांत आपोआप पुसले जाते. तारीख, वेळ आणि कॅमेऱ्याची जागा लिहून 'हे चित्रण जपून ठेवावे' असे पत्र दोन-तीन दिवसांतच ईमेलने आणि पोच घेऊन स्पीड पोस्टाने पाठवा. सरकारी जागा असेल, तर माहिती अधिकाराच्या उत्तराची वाट पाहू नका. त्याला ३० दिवसांची मुदत असते, तेवढ्यात चित्रण गेलेले असू शकते. शिवाय ते न्यायालयात दाखवायचे, तर भारतीय साक्ष्य अधिनियम, २०२३च्या कलम ६३चे प्रमाणपत्र (चित्रण कोणत्या यंत्रातून, कसे घेतले हे सांगणारे) लागते. व्हॉट्सअॅपवर फिरत आलेली क्लिप त्यावाचून फारशी उपयोगी पडत नाही.

फरशीचे फोटो लगेच कुणाकडून तरी काढून घ्या: जवळून, लांबून, आणि 'फरशी ओली आहे' ही पिवळी पाटी होती की नव्हती हे दिसेल असे. पाटी बऱ्याचदा माणूस पडल्यावर आणून ठेवतात. पायातली चप्पल-बूट धुऊ नका, पुन्हा घालू नका, पिशवीत बांधून ठेवा. 'तळ झिजला होता' हा बचाव जवळजवळ ठरलेला असतो. जिन्यावर पडला असाल, तर पायऱ्या टेपने मोजा. राष्ट्रीय बांधकाम संहितेत निवासी इमारतीसाठी पायरीची उंची जास्तीत जास्त १९० मिलिमीटर आणि रुंदी कमीत कमी २५० मिलिमीटर सांगितली आहे. एखादीच पायरी बाकीच्यांपेक्षा उंच असेल, तर तिचा फोटो पट्टी ठेवून काढा. दोन साक्षीदारांची नावे आणि फोन नंबर घ्या; नातेवाइकांपेक्षा परक्या माणसाची साक्ष जड ठरते.

सर्वांत जास्त दावे मात्र रुग्णालयाच्या केसपेपरवर बुडतात. 'कसे लागले?' या प्रश्नाला वेदनेत किंवा पोलिसांच्या भानगडीला भिऊन 'घरी पडलो' असे सांगितले जाते, तेच कागदावर उतरते, आणि वर्षभराने उलटतपासणीत तेच वाक्य समोर येते. जागा आणि कारण, दोन्ही केसपेपरवर पहिल्याच दिवशी लिहवून घ्या. हाड मोडणे ही भारतीय न्याय संहितेप्रमाणे गंभीर दुखापत आहे. पोलिसांत नोंद झाली, तर दिवाणी दाव्यात ती कामाला येते.

दुकानदार किंवा सोसायटी माणुसकीने दोन-पाच हजार रुपये देऊ करते आणि एका कागदावर सही मागते. पैसे जरूर घ्या, पण 'पूर्ण व अंतिम' हे शब्द असतील तर सही करू नका. 'उपचारखर्चापोटी, इतर हक्क राखून' असे स्वतःच्या हाताने लिहा.

आता कुठे जायचे ते. तुम्ही पैसे देऊन सेवा घेत असाल (हॉटेल, चित्रपटगृह, खासगी रुग्णालय), तर जिल्हा ग्राहक आयोग. मुदत २ वर्षे. दावा कोणत्या पातळीच्या आयोगाकडे जायचा हे आता तुम्ही मोजलेल्या रकमेवर ठरते, मागितलेल्या भरपाईवर नाही. ३०० रुपयांचे बिल असेल, तर २० लाखांचा दावाही जिल्हा आयोगातच आणि फी न भरता दाखल होतो, तोही तुम्ही राहता त्या जिल्ह्यात. म्हणूनच बिल जपा. दुकानातल्या छापील पावतीची शाई उडते, त्याच दिवशी झेरॉक्स काढा. पुरावा फार गुंतागुंतीचा असेल, तर आयोग दिवाणी न्यायालयाचा रस्ता दाखवू शकतो, हेही धरून चला.

पाहुणा, घरकाम करणारी बाई, पार्सल पोचवणारा मुलगा हे ग्राहक नसतात. त्यांना दिवाणी दावा, मुदत ३ वर्षे. पडलेला माणूस दगावला, तर १८५५च्या प्राणघातक अपघात कायद्याखाली वारसांना मृत्यूपासून २ वर्षे. जागा महापालिकेची असेल, तर घड्याळ फार वेगाने चालते. मुंबईत १८८८च्या कायद्याचे कलम ५२७ आणि इतर महापालिकांत १९४९च्या कायद्याचे कलम ४८७ यांप्रमाणे आधी १ महिन्याची लेखी नोटीस, आणि दावा घटनेपासून ६ महिन्यांच्या आत. तीन वर्षे आहेत अशा समजुतीत राहणाऱ्यांचे हक्क इथेच जातात. रस्त्यावरचे खड्डे आणि उघडी मॅनहोल यांपुरता मुंबई उच्च न्यायालयाने ऑक्टोबर २०२५ मध्ये वेगळा मार्ग करून दिला आहे: मृत्यूसाठी ६ लाख, इजेसाठी ५० हजार ते अडीच लाख रुपये. इमारतीच्या आत पडणाऱ्याला मात्र तो लागू नाही.

मॉलमध्ये जागेचा मालक, दुकानाचा भाडेकरू आणि सफाईचा ठेकेदार अशा तिघांनाही प्रतिवादी करा. नाहीतर प्रत्येक जण गैरहजर असलेल्याकडे बोट दाखवतो. 'व्यवस्थापन जबाबदार नाही' या पाटीला घाबरू नका. हॉटेलकडे सोपवलेल्या गाडीच्या चोरीच्या खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने २०१९ मध्ये अशा छापील अटीआड निष्काळजीपणा लपवू दिला नाही.

वकिलाच्या फीची चिंता असेल, तर महिला, मुले, अपंग, औद्योगिक कामगार आणि अनुसूचित जाती-जमातींच्या व्यक्तींना जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाकडून उत्पन्नाची अट न लावता मोफत वकील मिळतो. हे त्या घरकाम करणाऱ्या बाईला कुणी सांगत नाही, ही मोठी खंत आहे.

महापालिका आणि आरोग्य विभागाकडे मागणी साधी आहे. अपघात विभागाच्या केसपेपरवर 'कुठे पडले' आणि 'कशामुळे' असे दोन रकाने छापावेत, आणि मॉल व मोठ्या रुग्णालयांना अपघातांची नोंदवही ठेवणे परवान्याच्या अटींत सक्तीचे करावे.

आपला,
ग्राहक व दिवाणी दावे चालवणारा एक वकील, ठाणे