काशीची तारीख बदललीय

ती. आई-बाबा,
शि. सा. न.

बाबा, आधी रागावू नका. कार्तिकी पौर्णिमेचं यात्रा कंपनीचं बुकिंग मी काल रद्द केलं. आता दादाबरोबर मार्गशीर्षात जायचं. काशीत देवदिवाळी त्याच पौर्णिमेला, तेव्हा घाटावर पाय ठेवायला जागा नसते. पंढरपूरला काय झालं ते आई विसरली असेल, मी नाही. शिवाय मार्गशीर्षात पायऱ्यांवरचा पुराचा गाळ निघालेला असतो, थंडीही बेताची. खोली तळमजल्यावर आहे, कमोड आहे, गरम पाणी आहे, चहा सकाळी लवकर मिळतो. सगळं खोदून खोदून विचारलंय.

बाबा, ८४ घाट पायी बघायचा हट्ट सोडा. दशाश्वमेधावरून नाव करा. मणिकर्णिकेशेजारी रत्नेश्वराचं देऊळ दिसेल, एका अंगाला कललेलं. पावसाळ्यात ते बरंचसं पाण्यातच असतं. पुढे पंचगंगा घाटावर मान वर करा: औरंगजेबाच्या काळातली मशीद. बिंदुमाधवाचं जुनं देऊळ तिथेच होतं, आताचं जवळच आहे, लहानसं. तिथल्या पायऱ्या भयंकर उभ्या आहेत. नावेतूनच हात जोडा. आई, देवाला चालतं ते.

विश्वनाथाला मात्र आत जा. १६६९ मध्ये देऊळ पाडलं गेलं, आताचं अहिल्याबाईंनी १७८० मध्ये शेजारी बांधलं. बाबा, त्यांच्या गोष्टी सांगत तुम्ही मला दूधभात भरवायचात, ताट कधी संपलं कळायचं नाही. शिखरावरचं सोनं रणजितसिंहांनी दिलेलं. २०२१ च्या कॉरिडॉरमुळे गंगेकडून थेट रुंद वाट झालीय. जुन्या गल्ल्या गेल्या याची मला हळहळ वाटते, तुमच्या गुडघ्यांना वाटणार नाही.

आत मोबाइल नेऊ देत नाहीत. आई, जत्रेत माझ्या फ्रॉकच्या खिशात पत्त्याची चिठ्ठी घालायचीस ना, तशी आता दोघांच्या खिशात हवी. हसू नकोस, लिहून ठेव. सारनाथ शुक्रवारी नको, संग्रहालय बंद असतं आणि बाबांना अशोकाचे सिंह बघायचेत.

मी येत नाही ते रजेमुळेच, दुसरं काही मनात आणू नका. आई, रांगेत उपाशी उभं राहायचं नाही. गोळी घ्यायची, खायचं, मग दर्शन. उपास माझ्या नावावर टाक.

तुमची,
चिऊ