चाचा, एका इस्त्रीच्या शर्टाचे आभार

चाचा, सलाम.

तुमचं नाव इथं मुद्दाम लिहीत नाहीये, गावाचं पण नाही, रावेर-यावल पट्ट्यातले एवढंच पुरे. तुम्ही अजून सौदीत, रियाधमध्येच आहात आणि तिकडं कोणी कोणाला तक्रार करायला मदत केली हे बोभाटा करून सांगितलं तर त्याच माणसाच्या पोटावर पाय येतो. युनियन नाही, संप नाही, मोर्चा तर सोडाच, फेसबुकवर दोन ओळी लिहिताना पण लोक दहादा विचार करतात. त्यामुळे वाचा, ओळखा आणि गप्प बसा. तुम्हाला एवढं वाचायचा कंटाळा येईल, तर फोनवर तुमच्या धाकट्या पोरीला सांगा वाचून दाखवायला.

परवा वडिलांच्या नावावरचं विकासोचं, म्हणजे गावच्या सोसायटीचं, सगळं कर्ज फिटलं. बेबाकीचा दाखला हातात मिळाला, वडील तिथंच सेक्रेटरीशी कापसाच्या भावावर बोलत बसले, आणि मी बाहेर पायरीवर येऊन उगाच रडलो. म्हणून आज लिहायला बसलो, नाहीतर माझंही पगार अडकवणाऱ्या त्या सौदीतल्या शाळेसारखंच झालं असतं, बुक्रा बुक्रा, उद्या उद्या.

जे बाकीचे वाचतील त्यांच्यासाठी थोडं मागचं. मी एमए बीएड, इंग्रजी. चोपडा तालुक्यात एका विनाअनुदानित ज्युनिअर कॉलेजला तासिका तत्त्वावर शिकवत होतो, म्हणजे मे महिन्यात पगार नाही, दिवाळीत नाही, आणि बाकीच्या महिन्यांचा कधी येईल ते क्लार्कलाही माहीत नाही. अनुदानित जागेसाठी संस्थेनं जो आकडा सांगितला तो ऐकून वडील म्हणाले, एवढ्यात तर विहीर पण होईल आणि ठिबक पण. आणि घरात होतं ते आधीच पतसंस्थेत अडकलेलं. आपल्या जळगाव जिल्ह्यात ठेवी बुडालेलं घर शोधत फिरावं लागत नाही, आमचं त्यातलंच एक. तेव्हा मुंबईत बसणारा, पण आपल्याच जिल्ह्यातली बोली बोलणारा एक एजंट भेटला, सौदीत इंग्रजी शिकवायचं, साडेचार हजार रियाल, म्हणजे तेव्हाच्या भावानं लाखाच्या जवळपास, वर इन्कम टॅक्स नाही, राहायला जागा शाळेची. हिशोब सगळ्यांनीच केला, आईनं पण केला, दोन-तीन वर्षं काढायची, दारू नाही, पार्ट्या नाही, खर्च करायला जागाच नाही, पैसा आपोआप साठतो. हे खरंही आहे बरं का, कडक देशात पैसा साठतो. पण आधी तो हातात यावा लागतो!

एजंटनं किती घेतले ते लिहीत नाही, वडिलांना अजून खरा आकडा माहीत नाही. नोंदणी असलेल्या एजंटला कायद्यानं ३०,००० रुपये आणि वर जीएसटी एवढंच घेता येतं हे मला कोणी सांगितलं असेल तर ते तुम्ही, चाचा, रियाधच्या तुमच्या लाँड्रीत थोबला, म्हणजे अरबांच्या त्या लांब पांढऱ्या झग्याला, स्टार्च मारता मारता. आणि दहावी पास झालं की पासपोर्ट ईसीएनआर होतो, म्हणजे परदेशी कामाला जायला सरकारची वेगळी मंजुरी लागत नाही, मग जाताना आपलं कॉन्ट्रॅक्ट कुठलाही सरकारी माणूस उघडून बघत नाही, हे पण तुमच्याकडूनच. न शिकलेल्या मजुराचं निदान एकदा तपासतात तरी. आम्ही पडलो शिकलेले, आम्हाला सगळं कळतं असं सरकारनं धरून चाललेलं.

शाळेबद्दल फार लिहित नाही, नाव तर नाहीच. व्हिसावर पेशा शिक्षकाचा नव्हता, इकामा, म्हणजे तिथं राहायचा परवाना, आज होईल उद्या होईल, आणि इकामा नाही म्हणजे बँकेत खातं नाही, नावावर सिमकार्ड नाही, घरी पैसे पाठवायची सोय नाही. पासपोर्ट मालकाच्या कपाटात. त्यांना तो ठेवायचा अधिकार नाही हे तिथला कायदाच सांगतो, पण कपाटाची किल्ली कायद्याकडं नसते ना. शेजारच्या वर्गात गोऱ्या पासपोर्टचा एक पोरगा होता, कॉलेजातून नुकताच बाहेर पडलेला, पुस्तक तेच, तास तेवढेच, पगार आमच्या दुपटीपेक्षा जास्त आणि वेळेवर. त्याच्यावर राग नाही, बिचारा चांगला होता, माझ्याकडून धडे काढून न्यायचा. पोरं पण गोड होती, पेनला बेन म्हणायची आणि मी हसलो की अजून मोठ्यानं म्हणायची. पण पगार थांबला तो थांबलाच, आणि विचारायला गेलं की इन्शाल्लाह, बुक्रा. जास्त विचारलं तर हुरूब लावीन, म्हणजे पळून गेला अशी नोंद करीन. तसं झालं की आपण चोर, शाळा साव.

आता ज्यांनी काही केलं नाही त्यांच्याबद्दलही लिहितो, कारण ते माझ्या डोक्यातून जात नाही. एजंटनं नंबर ब्लॉक केला, त्याच्याकडून अपेक्षाही नव्हती. आपल्या मराठी माणसांच्या एका मंडळातले एक मोठे साहेब होते, गणपतीला घरातल्या घरात जेवण ठेवायचे, फोटो छान काढायचे, ते म्हणाले वाद घालू नका, आपल्या लोकांचं नाव खराब होतं. माझं खराब व्हायचं काय राहिलं होतं पण! इकडं गावाकडं आमच्या एका नात्यातल्या पुढाऱ्यानं वडिलांना बोलावून घेतलं, निवेदन देतानाचा फोटो काढला, पेपरात छापून आणला, झालं. त्या फोटोत वडील हात जोडून उभे आहेत. तो फोटो मला तिथं, रूमवर, मोबाईलवर आला होता.

आणि तुम्ही, चाचा. तुमच्या लाँड्रीत मी पहिल्यांदा आलो तो कपडे घेऊन नव्हे, मराठी ऐकून. बथा म्हणजे रियाधचा बाजाराचा भाग, तिथल्या त्या गल्लीत शुक्रवारची गर्दी, मल्याळी, बंगाली, उर्दू, सगळा कालवा, आणि तुम्ही आतून फोनवर कोणालातरी ओरडत होता, "काबरं भो, मोटर काबरं बंद ठेवली?" मी तिथंच थांबलो. केळीला पाणी द्यायचं राहिलं म्हणून रियाधमधून भावाला झापणारा माणूस आपलाच असणार.

तुमचं दुकान म्हणजे एक टेबल, एक वाफेची इस्त्री आणि छताला टांगलेले पांढरे थोब, त्यातून वाकून आत यावं लागायचं. तिथं एक नियम आहे, १५ जून ते १५ सप्टेंबर दुपारी १२ ते ३ उन्हात काम करायला बंदी, कामगारांसाठीच केलेला. पण तो उघड्यावरच्या कामाला. तुम्ही तर सावलीत! भुसावळचं ऊन अंगावर काढलेला मी, पण तुमच्या टेबलामागं पाच मिनिटं उभं राहवलं नाही मला, आणि तुम्ही तिथं दिवसभर. ह्याला कोणता नियम लागतो कोणास ठाऊक.

तक्रार करायचं धाडस तुम्हीच दिलं. कुठं अर्ज, कोणता कागद, ते सगळं इथं सांगत बसत नाही. एवढंच की मार्च २०२१ पासून तिकडं नियम थोडे सैल झालेत, सलग तीन महिने पगार नाही दिला किंवा वेळेत परवाना काढला नाही तर मालकाची परवानगी न घेता दुसरीकडं जाता येतं, आणि हे आम्हा वीस-पंचवीस शिकलेल्या मास्तरांपैकी कोणालाच धड माहीत नव्हतं. तुम्हाला होतं, कारण तुमच्या टेबलावर सगळ्या थरातले कपडे येतात आणि कपड्यांबरोबर गप्पा पण.

पण मला सांगायचंय ते त्या संध्याकाळचं. दुसऱ्या दिवशी माझ्या तक्रारीवर शाळेशी तडजोडीची तारीख होती. मी नुसतं सांगायला आलो होतो, की चाचा उद्या जातोय, दुवा करा. तुम्ही वर पाहिलं आणि म्हणालात, "हाच शर्ट घालणार का?" मी म्हटलं हो. रूमवर बादलीत धुतलेला, खिडकीत वाळवलेला, आम्ही सहा जण एका खोलीत, इस्त्री कुठून येणार. तुम्ही म्हणालात, "मास्तर, त्यायचा माणूस कडक थोब घालून येईन. तुमी असे चुरगळेल गेले तर साहेब कागद वाचायच्या आधीच ठरवून टाकीन. काढा."

मी बनियनवर बसलो, तुमच्या त्या स्टुलावर, लोकांच्या थोबांच्या मागं लपून. तेवढ्यात अजान झाली. तुम्ही शटर अर्धं ओढलं, वजू करून आलात, आणि मशिदीत जाताना गल्ला तसाच उघडा, दुकान तसंच, मी आत. ज्या शाळेनं मला माझाच पासपोर्ट दिला नाही त्या शाळेपासून तुमचं दुकान चालत पंधरा मिनिटांवर होतं.

परत आल्यावर तुम्ही शर्ट उलटा केला. कॉलर आधी आतल्या बाजूनं, मग वरून, टोकाकडून मधे, टोकं वर वळू नयेत म्हणून. मग खांद्याची पट्टी. मग बाह्या, कफ उघडून सपाट. बटणांच्या मधे इस्त्रीचं टोक असं फिरवलंत की एक बटण हललं नाही, आणि जे एक लोंबत होतं ते इस्त्री बाजूला ठेवून, चष्मा लावून, टाके घालून घट्ट केलंत, दोरा दातानं तोडलात. थोडासा स्टार्च, फार नाही, "मास्तर आहे, शेख नाही" असं स्वतःशीच म्हणत. बाहेर गिऱ्हाईक उभं होतं, त्याचा गुत्रा, म्हणजे डोक्यावरचा रुमाल, तसाच पडलेला, तुम्ही त्याला अरबीत काहीतरी सांगून थांबवलंत. प्रत्येक कपड्याच्या कॉलरला तुम्ही नंबराची चिठ्ठी टोचता, माझ्या शर्टाला टोचली नाही. मी दोन रियाल काढले तर तुम्ही असे पाहिलंत की ते परत खिशात गेले. शर्ट हँगरला लावून दिलात, सकाळीच घाला म्हणालात, आणि मला घालायला तुमचा टायर कंपनीचा टीशर्ट दिलात, दोन माप मोठा. त्या टीशर्टात, हातात हँगर उंच धरून मी अख्खा बथा ओलांडला, कोणाचा धक्का लागू नये म्हणून.

केस मी शर्टामुळं जिंकलो असं म्हणत नाही, कागदामुळं जिंकलो, हजेरीचे फोटो होते, मेसेज होते. पण कित्येक महिन्यांत पहिल्यांदा मी कोणासमोर ताठ बसलो. शाळेचा मंदूब, म्हणजे त्यांचा प्रतिनिधी, खरंच कडक थोब घालून आला होता, तुम्ही म्हणाला तसाच, आणि मी त्याच्या कॉलरकडं बघत होतो, कॉलर बरोबर बसली नव्हती त्याची. मनात म्हटलं, ह्याचा लाँड्रीवाला कच्चा आहे. एवढं मनात आलं आणि भीती गेली, उरलीच नाही. थकलेला पगार पुढं मिळाला, सगळा नाही पण बराच, पासपोर्ट मिळाला, आणि मग सौदीतच, पूर्वेकडच्या अल-अहसाच्या शाळेत लागलो तिथं दर महिन्याला वेळेवर पगार, तिथूनच ह्या कर्जाचे हप्ते गेले. त्या शाळेच्या हेडमास्तरांनी पहिल्याच दिवशी माझा पासपोर्ट बघून माझ्याच हातात परत दिला, तेव्हा मी त्यांच्याकडं बघतच राहिलो. चांगली माणसं तिकडंही आहेत आणि नालायक इकडंही आहेत, हे मी कोणाला सांगायला लागलो की लोक लगेच देश, धर्म काढतात. काढू दे. मला ज्यानं लुटलं तो माझ्याच जिल्ह्यातल्या बोलीत गोड बोलत होता, आणि ज्यानं बटण लावून दिलं तो पण त्याच बोलीत, आता ह्यातून कोणाला काय काढायचं ते काढा.

एक राहिलं. तुमच्यासारखे लोक असतात म्हणून बाकीच्यांचं भागतं, हे मला पटत नाही, सांगून टाकतो. सरकार, शाळा, एजंट, मंडळ ह्या सगळ्यांनी आपापलं काम नीट केलं असतं तर तुम्हाला त्या गरमीत गिऱ्हाईक थांबवून माझा शर्ट करावा लागला नसता. तुमचा चांगुलपणा ह्या लोकांच्या खात्यात जमा होऊ नये असं वाटतं. इथं एकानं ऐकून मला म्हटलं, बघ, शेवटी सगळं नीट झालं ना! झालं ते चाचांमुळं झालं, तुमच्या सिस्टीममुळं नाही, असं त्याला तोंडावर सांगितलं.

तर चाचा, थंडीत सुट्टीवर येणार म्हणाला होतात. भुसावळला गाडी कितीही वाजता असू द्या, मी न्यायला येतो, आधी आमच्याकडं उतरायचं, मग घरी. बामणोदची वांगी तोवर येतील, आईनं भरीत आणि कळण्याची भाकरी आत्तापासून ठरवून ठेवलीय, मिरची कमी टाक असं मी सांगितलंय पण ती ऐकेल असं वाटत नाही. आणि धाकटी, तू हे वाचतेच आहेस तर ऐक, अकरावी-बारावीचं इंग्रजी माझ्याकडं करायचं, रविवारी ये, नाहीतर ऑनलाइन घेतो, आणि फीचा विषय तुझ्या अब्बांनी काढला तर त्यांना म्हण की मास्तरांनी दोन रियाल काढले होते तेव्हा तुम्ही कसे पाहिले होते ते आठवा.

तुमचा,
चोपड्याकडचा मास्तर