विमान कलतं असताना पडद्यावरचं क्षितिज सरळ का झालं?

प्रति,
ग्राहक सेवा प्रमुख,
पुणे कार्यालय

विषय: दहा इंची दोन पडद्यांची ईफिस यंत्रणा (वेग, उंची आणि क्षितिज पडद्यावर दाखवणारी). हवेचा वेग गेल्यावर क्षितिज चुकीचं दाखवलं, तेही कसलीही सूचना न देता. आणि तुमच्या माणसाचं काल रात्रीचं बोलणं.

काल रात्री साडेअकराला तुमच्या सपोर्टचा फोन ठेवला आणि हे लिहायला बसलो. हा पाचवा फोन होता. पहिले चार इंग्रजीत झाले. कालचा मराठीत झाला, कारण पलीकडच्या मुलाने माझं आडनाव बघून आपणहून मराठी सुरू केली. म्हणून हे पत्र मराठीत. अमेरिकेतल्या तुमच्या मुख्य कार्यालयाला याची इंग्रजी प्रत वेगळी जाते आहे.

यंत्रणा कशी चालते ते मी तुम्हाला सांगायला नको, ती तुम्हीच बनवता. घडलं ते सांगतो.

सप्टेंबरातला शनिवार, सकाळची वेळ, आकाश स्वच्छ. माझ्या आरव्ही-७ च्या, म्हणजे किट आणून घरी बांधलेल्या छोट्या विमानाच्या, चाचणी उड्डाणांचे ४० तास मला एफएएने, म्हणजे अमेरिकेच्या विमान नियामकाने, लावून दिलेत, त्यातला सतरावा चालू होता. विमानात मी एकटा. ४,५०० फुटांवर, १४० नॉटने, डावीकडे ३० अंश कलवून वळण घेत होतो. ऑटोपायलट बंद, काठी माझ्या हातात. वळणाच्या मध्यातच हवेचा वेग उतरायला लागला. ११०, ७०, ४०, मग शून्य. इंजिनाचा आवाज तोच, काठीवरचा जोर तोच, म्हणजे वेग कुठेही गेला नव्हता, पिटो, म्हणजे समोरून येणाऱ्या हवेच्या दाबावरून वेग मोजणारी नळी, बुजली होती. उतरल्यावर बघितलं तर एक किडा नळीच्या तोंडात चेचून घट्ट बसला होता. यात तुमचा काही दोष नाही आणि तशी माझी तक्रारही नाही.

तक्रार पुढच्या चाळीस सेकंदांची आहे. वेग शून्यावर आला आणि पडद्यावरचं क्षितिज हळूहळू सरळ व्हायला लागलं. ३० चे २० झाले, २० चे ११, शेवटी ३. बाहेर बघतोय तर डावा पंख खाली मक्याच्या शेतांकडे झुकलेला, आणि समोर तुमचा पडदा सांगतोय की विमान जवळपास सपाट उडतंय. हे दाखवणं भरवशाचं नाही असं सांगणारी लाल फुली त्यावर आली नाही. पिवळी पट्टी आली नाही. इशाऱ्याचा आवाज आला नाही. वेगाच्या पट्टीवर शून्य, आणि मधोमध नदी-डोंगरांसकट रंगवलेलं खोटं क्षितिज.

आणि त्याच पडद्याच्या कोपऱ्यात जीपीएसने मोजलेला जमिनीवरचा वेग दिसत होता: १४६ नॉट. पूर्ण वेळ. उपग्रहांचा संपर्क एकदाही तुटला नाही. हे सगळं मागच्या कॅमेऱ्यात आहे, आणि तुमच्याच यंत्रणेने पेनड्राइव्हवर नोंदलेल्या फाइलमध्येही आहे. ती फाइल तुम्हाला तीनदा पाठवली.

असं का होतं हे मला कळतं, म्हणूनच राग जास्त आहे. आतले जायरो, म्हणजे विमान किती फिरलं ते मोजणारे सेन्सर, इवलेसे; त्यांचं मोजमाप हळूहळू सरकत जातं. त्यांना जागेवर ठेवायला गुरुत्वाकर्षणाचा आधार लागतो. पण नीट घेतलेल्या वळणात सगळा जोर सरळ विमानाच्या तळाकडेच जातो, विमान कललेलं असलं तरी. डॅशवर पाण्याचा पेला ठेवला तर हिंदकळत नाही, तसंच. वळणामुळे आलेला जोर वजा करायचा तर वेग माहीत हवा. तुमच्या एडाहर्सने, म्हणजे वेग आणि कल काढणाऱ्या डबीने, पिटोचा शून्य वेग खरा मानला, वजा काहीच केलं नाही, आणि तळाची दिशा म्हणजे खाली असं समजून विमान सरळ असल्याचं जाहीर केलं. शेजारी १४६ चा आकडा हजर असताना.

दिवस होता, क्षितिज उघडं होतं, म्हणून मी पडदा सोडून बाहेर बघितलं. ढगात असतो तर? ऑटोपायलट लावलेला असता तर? तोही याच एडाहर्सवर चालतो. पडद्यावर तीनच अंश दिसताहेत म्हटल्यावर त्याने ३० गाठायला विमान आणखी डावीकडे लोटलं असतं. पुढचं तुम्ही जाणता.

आता ही यंत्रणा मी घेतली कशी ते ऐका. माझं हे विमान सात वर्षं गॅरेजमध्ये बांधलं गेलं. पंखाचे रिव्हेट ठोकताना पलीकडून बकिंग बार, म्हणजे रिव्हेटमागे टेकवायचा धातूचा ठोकळा, माझ्या बायकोने धरला, हिवाळ्यात हातमोजे काढून, कारण हातमोज्यात बार सरकतो. पॅनेल मी सगळ्यात शेवटी ठेवलं. इलेक्ट्रॉनिक्स दरवर्षी बदलतं, पॅनेलला घाई करू नये, असं आमच्यातले जुने लोक सांगतात ते खरं आहे. तीन कंपन्यांच्या यंत्रणा मी वर्षभर तोलत होतो. एकीचा पडदा उन्हात तुमच्यापेक्षा चांगला दिसतो. दुसरी २,८०० डॉलरने स्वस्त होती आणि तिच्यासोबत पर्यायी बॅटरी मिळत होती. तुमचे सर्व्हो, म्हणजे ऑटोपायलटच्या मोटरी, तुमच्याच पडद्याशी बोलतात, म्हणजे एकदा घेतलं की बांधलो गेलो, हेही मला दिसत होतं.

तरीही तुमची घेतली, ती एका प्रश्नाच्या उत्तरावर. जुलैअखेरीस विस्कॉन्सिनमधल्या ऑशकॉशच्या विमान मेळ्यात तुमच्या स्टॉलवर तीन माणसं उभी होती. मी वहीत लिहून नेलेला प्रश्न विचारला: पिटो बंद झाली तर क्षितिजाचं काय होतं? तुमच्या विक्री प्रतिनिधीने पापणी न लववता सांगितलं की लगेच जीपीएसचा वेग घेतला जातो आणि तसं पडद्यावर लिहूनही येतं. ते उत्तर मी त्याच्यासमोर वहीत उतरवलं, खाली तारीख घातली. दुसऱ्या दोन कंपन्यांनी इतकं ठाम उत्तर दिलं नव्हतं. त्यांना मी त्यावरूनच बाद केलं. दोन पडदे, एडाहर्स, मॅग्नेटोमीटर, इंजिन मॉनिटर आणि दोन सर्व्हो मिळून १९,४०० डॉलर तुम्हाला दिले. पॅनेलचा पत्रा तुमच्या मापाने कापला. आता तिथे दुसऱ्याचा पडदा बसणार नाही.

मी ओहायोच्या उत्तरेला राहतो. इथे नोव्हेंबरपासून ईरी सरोवरावरून खालच्या ढगांचे थर येत राहतात. उपकरणांवर उडता येत नसेल तर विमान चार-पाच महिने हँगरमध्ये झाकून ठेवायचं. बर्फात जायचा माझा विचार नाही, विमान त्यासाठी बनलेलंच नाही. पण ढगातून वर निघून उन्हात उडायचं, एवढ्यासाठी ईफिस घेतली. १ जून २००९ ला एअर फ्रान्स ४४७ च्या पिटो नळ्यांत बर्फाचे कण अडकले आणि वेगाचे आकडे गेले. वैमानिकांपुढचं क्षितिज शाबूत होतं, तरी गोंधळ होऊन २२८ माणसं अटलांटिकमध्ये गेली. तुमच्या पडद्यावर वेगासोबत क्षितिजही जातं, आणि गेलं म्हणून सांगत नाही.

आता फोन. पहिल्या फोनवर मॅग्नेटोमीटर पुन्हा कॅलिब्रेट करायला सांगितलं. मॅग्नेटोमीटर दिशा दाखवतो, कल नाही. तरी मी अर्धा दिवस घालवून केलं. दुसऱ्या फोनवर नवं सॉफ्टवेअर टाकायला सांगितलं, टाकलं. तिसऱ्यावर फाइल मिळालीच नाही म्हणाले. चौथ्यावर सांगितलं की जमिनीवर हाच प्रकार करून दाखवा. जमिनीवर विमान ३० अंश कलून १४० नॉटने वळत नाही.

आणि काल पाचवा. शब्दन् शब्द लिहितो, कारण मला तो विसरता येत नाही.

"काका, विमान कुठल्या कंपनीचं आहे?"

मी म्हटलं, किट आरव्ही-७ चं, बांधलंय मी.

"अच्छा, म्हणजे तुम्ही ओनर. मग एक करा ना काका, तुमच्या मेकॅनिकला फोन द्या. टेक्निकल आहे हे, त्यांना मी नीट समजावतो."

"मेकॅनिक मीच आहे."

"नाही हो, म्हणजे वायरिंग वगैरे ज्यांनी केलंय ते."

"वायरिंग मी केलंय. पिटोची नळी मी टाकली. पॅनेल मी कापलं."

थोडा वेळ नुसता कीबोर्डचा आवाज. मग तो म्हणाला, "काका, एक्स्पेरिमेंटल आहे ना ते? मग थोडंफार असं होणारच. तुम्ही पिटो हीट चालू ठेवत जा."

मी सांगितलं की बर्फ नव्हता, किडा होता. पिटो हीटने किडा निघत नाही.

"मग ढगात जाऊ नका काका. सेफ राहा."

एवढं बोलून त्याने माझ्या तक्रारीचं तिकीट बंद केलं. दोन मिनिटांत ईमेल आली: तुमची अडचण सुटली आहे, कृपया आमच्या सेवेला गुण द्या.

मुलगा माझ्या मुलाच्या वयाचा असेल. त्याचं नाव मी लिहीत नाही, त्याला कामावरून काढावं असंही माझ्या मनात नाही. त्याला हे कुणी शिकवलंच नाही, हा तुमचा दोष आहे. पण 'मेकॅनिकला फोन द्या' हे मला लागलं. या देशात विमानाचं निम्म्याहून अधिक काम हौशी बांधणाऱ्याने स्वतः केलेलं असावं लागतं, तेव्हाच ते या वर्गात नोंदवलं जातं. बांधणारा म्हणून एफएएने मला रिपेअरमनचं प्रमाणपत्र दिलंय. वर्षातून एकदा विमानाची तपासणी करून त्याच्या नोंदवहीत सही करायचा अधिकार माझा आहे. तुमचं गिऱ्हाईकच मुळात असं आहे, हे तुमच्या फोनवर बसणाऱ्याला माहीत नसावं? कांदिवलीच्या गच्चीवर अमोल यादव यांनी बांधलेलं विमान २०१६ मध्ये बीकेसीला मेक इन इंडिया सप्ताहात लोकांनी रांगा लावून पाहिलं. घरी बांधलेलं विमान ही गोष्ट महाराष्ट्रातल्या माणसालाही इतकी परकी नाही.

आणि एक्स्पेरिमेंटल हे नोंदणीतल्या वर्गाचं नाव आहे. तुमच्या उपकरणाने खोटं दाखवायची ती परवानगी नाही. वेग गेला तर गेला, पण मग क्षितिजावर लाल फुली मारा. फुली दिसली असती तर हे पत्र लिहिलंच नसतं. रिकामा पडदा मी सांभाळून घेईन. चुकीचा पडदा कुणालाही सांभाळता येत नाही.

तुमच्या कंपनीबद्दल मी आमच्या चॅप्टरमध्ये, म्हणजे विमान बांधणाऱ्या हौशी लोकांच्या स्थानिक शाखेत, वर्षभर चांगलं बोललो. माझं ऐकून दोघांनी हेच पडदे घेतले. त्यातला एक पुढच्या महिन्यात पहिलं उड्डाण करणार आहे, बायको आणि दोन लहान मुलं आहेत त्याला. कालच्या फोननंतर सगळ्यात आधी त्याला फोन केला आणि काय बघितलं ते सांगितलं. तो बराच वेळ गप्प होता. त्या शांततेची मला लाज वाटली, कारण पडदे मी सुचवले होते.

मला हवंय ते असं. पिटोचा वेग गेल्यावर तुमची यंत्रणा जीपीएसचा वेग घेते की नाही, हे एका वाक्यात लेखी कळवा. घेत असेल, तर माझ्या फाइलमध्ये १४६ नॉट असूनही का घेतला नाही, ते सांगा. घेत नसेल, तर ऑशकॉशला मला खोटं सांगितलं गेलं, हे मान्य करून पूर्ण रक्कम परत द्या. नव्या पॅनेलचा खर्चही द्या. आणि लाल फुली का आली नाही, याचं उत्तर दोन्ही बाबतींत हवंच.

पंधरा दिवस वाट बघेन. त्यानंतर व्हिडिओ आणि फाइल नासाच्या विमान सुरक्षा नोंद विभागाकडे जाईल, एफएएच्या स्थानिक कार्यालयात जाईल, आणि ज्याच्या पॅनेलमध्ये तुमचा पडदा आहे अशा माझ्या ओळखीच्या प्रत्येक माणसाकडे जाईल. पैशांसाठी इथल्या न्यायालयातही जाईन.

विमान हँगरमध्ये उभं आहे, पिटोला लाल कव्हर लावलंय. चाचणीचे २३ तास शिल्लक आहेत. ते मी दुसऱ्या कंपनीचं स्वतंत्र, स्वतःच्या बॅटरीवर चालणारं क्षितिज बसवूनच पूर्ण करीन. त्याचं बिल या पत्राला जोडलंय.

विमानाचा नोंदणी क्रमांक, दोन्ही पडद्यांचे आणि एडाहर्सचे सिरियल क्रमांक, आणि ऑशकॉशला उतरवलेल्या वहीच्या पानाचा फोटो सोबत आहे.

फोन करू नका. लेखी कळवा.