श्वास सोडल्यानंतरचाही स्कॅन हवा

मा. संपादक,
स. न. वि. वि.

गोव्यातल्या डिचोली-साखळी भागात खनिजाच्या ट्रकांची धूळ खात आयुष्य काढलेली माणसे दम लागतो म्हणून डॉक्टरकडे जातात, एक्स-रे काढतात आणि ‘छाती साफ आहे’ हे ऐकून घरी येतात. धाप मात्र तशीच. एक्स-रेचा यात दोष नाही. तो काढतात छाती भरून, श्वास रोखून. हवा कुठे पोचते आणि कुठे अडकते, हे त्यात दिसणार कसे?

श्वासनलिकेला फाटे फुटत वायुकोशांपर्यंत साधारण २३ टप्पे होतात. त्यातल्या २ मिलिमीटरहून बारीक नळ्या इतक्या असंख्य, की बऱ्याचशा निकामी झाल्या तरी एकूण अडथळा फारसा वाढत नाही. म्हणून स्पायरोमेट्रीही, म्हणजे नळीत जोरात फुंकून करायची श्वासाची तपासणी, सुरुवातीला चांगली येऊ शकते. शिवाय ती दोन्ही फुफ्फुसांचा हिशेब एकत्रच देते.

सीटी स्कॅन बिघाडाची जागा दाखवतो, पण दोनदा काढला तर: एकदा श्वास भरून, एकदा पूर्ण सोडून. श्वास सोडला की निरोगी फुफ्फुस आकसते आणि चित्रात उजळ दिसते. हवा कोंडलेला भाग काळाच राहतो. दुसरा स्कॅन सहसा कोणी सांगतच नाही!

परदेशात झेनॉन वायू हुंगवून एमआरआय करतात. साध्या एमआरआयला फुफ्फुसात पाणी कमी आणि हवाच जास्त मिळते, त्यामुळे चित्र फिके येते. खास प्रक्रिया केलेला झेनॉन मात्र जिथे पोचतो ती जागा उजळवतो. दमेकऱ्याच्या चित्रात मध्येच काळे पट्टे राहतात. क्ष-किरणांचा प्रश्नच नाही. अमेरिकेने डिसेंबर २०२२ मध्ये त्याला मान्यता दिली.

ते यंत्र उद्याच बांबोळीच्या गोवा वैद्यकीय महाविद्यालयात (गोमेकॉत) आणा, असा माझा हट्ट नाही. खाणपट्ट्यातल्या आणि कोळशाच्या धुळीतल्या वास्कोतल्या आरोग्य केंद्रांत स्पायरोमेट्री नियमित व्हावी. धाप आहे पण एक्स-रे साफ, अशा निवडक रुग्णांचा गोमेकॉत श्वास सोडल्यानंतरचाही सीटी काढावा. सरसकट नको, किरणोत्सर्ग उगाच कशाला घ्यायचा?

आता खाणी पुन्हा सुरू होत आहेत. कामावर घेतलेल्या प्रत्येकाची स्पायरोमेट्री रुजू होतानाच करून तिची प्रत त्याच्या हाती द्यावी. पुढे धाप लागली, तर ताडून पाहायला त्याचाच निरोगी असतानाचा आकडा हवा.

– एक वाचक, डिचोली