सेलमच्या अक्कांनो, तुमचे आभार

दादर, मुंबई

तमिळनाडूतल्या प्रिय अक्कांनो, सप्रेम नमस्कार.

उपवासाचे पदार्थ करून विकणाऱ्या आम्हा बायकांना साबुदाणा निवडता येत होता. तो मुळात बिघडतो कुठे, हे तुम्ही दाखवलंत. आषाढीला अख्खी मुंबई खिचडी खाते, पण साबुदाणा ज्याच्यापासून होतो तो शाबूकंद कोण लावतं आणि कोण सोलतं, हे क्वचितच कुणाला ठाऊक असतं. म्हणून हे आभार जाहीरपणे.

बेणं, म्हणजे लावणीसाठीचे खोडाचे तुकडे, कसं निवडायचं, ही तुमची पहिली शिकवण. आठ-दहा महिन्यांच्या पक्व खोडाचा शेंड्याकडचा कोवळा भाग टाकून द्यायचा आणि मधल्या भागाचे १५ ते २० सेंमीचे तुकडे करायचे. काप स्वच्छ हवा, साल फाटता कामा नये. डोळे वर ठेवून पाचेक सेंमी खोल उभं लावायचं. उलटं लागलं तर फुटवा रखडतो. दोन्ही बाजूंनी ९० सेंमीवर लावलं की हेक्टरी साधारण १२,३४५ रोपं. मोझॅक या पानांच्या रोगाचा विषाणू बेण्यातून पुढे जातो, पांढरी माशीही तो पसरवते. पानं पिवळी-हिरवी, चुरगळलेली दिसली की ते खोड बेण्यातून बाद. मात्र काढणीपर्यंत बरीच पानं गळतात आणि रोगी झाड ओळखू येत नाही, म्हणून पानं भरात असतानाच निरोगी झाडाला चिंधी बांधून ठेवायची. एका चिंधीवर पुढच्या हंगामाचं बेणं ठरतं!

काढणीनंतर घाई. एक-दोन दिवसांत कंदाच्या आत निळसर-काळ्या रेघा उठतात. जखम झालेला कंद आधी बिघडतो. मग सोलणं. वरची तपकिरी साल निघाली म्हणजे झालं नाही, तिच्याखालची जाड सालही काढायची. उभी चीर देऊन सुरीच्या टोकाने उचलली की ती गुंडाळल्यासारखी सुटते. सायनाइड तयार करणारी द्रव्यं गरापेक्षा या सालीत जास्त असतात, आणि ती राहिली की पिठाचा रंगही मळतो. आम्ही ‘पांढराशुभ्र’ म्हणून मिरवतो तो दाणा आधी तुमच्या सुरीखालून गेलेला असतो.

पुढे किसणं, गाळणं, टाकीत सत्त्व (स्टार्च) तळाशी बसू देणं, दाणे वळणं. खिचडीला भाजलेला दाणा, तळणीच्या चिवड्याला वाफवलेला ‘नायलॉन’ साबुदाणा, हा फरक आता आम्ही गिऱ्हाइकालाही सांगतो. आणि खिचडीचा गोळा झाला की दाण्याला दोष देण्याआधी चूर चाळला होता का, साबुदाणा दोन पाण्यांनी धुतला होता का, हे पाहतो.

एक गोष्ट खटकते. लावणी, खुरपणी, सोलणी बायकांकडे. प्रशिक्षणाचं बोलावणं मात्र बहुतेक वेळा जमिनीच्या कागदावर ज्याचं नाव त्यालाच. बेणं निवडणाऱ्या बाईला बेण्याच्या प्रशिक्षणाला बोलवायला कागद कशाला लागतो?

पत्र तमिळमध्ये उतरवून धाडतो आहोत. आमच्या पाकिटावर ‘साबुदाणा’च्या खाली आता तुमचा शब्दही छापला आहे : जव्वरिसी.

तुमच्या,
दादरच्या मैत्रिणी